गॅस संपला की गेला?

मार्च उजाडला की रत्नागिरीत मोटारींची वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांकडे रांग लागते. तक्रार बहुधा एकच असते : "हवा येते, पण गार येत नाही." उत्तरही बहुधा एकच मिळते : "गॅस संपलाय, भरून देतो." तासाभरात गॅस भरला जातो, गाडी गार होते, मालक समाधानाने घरी जातो. मग कुणाला पुढच्या मार्चमध्ये, तर कुणाला गणपतीच्या आधीच पुन्हा तिथेच यावे लागते. असे दोन-तीनदा झाले की मालकाची समजूतच होऊन बसते, की इंजिनाचे तेल जसे ठरावीक काळाने बदलायचे असते तसा हा गॅसही दर वर्षी भरायचाच असतो.

ही समजूत चुकीची आहे, आणि ती 'संपला' या एका शब्दातून आलेली आहे. पेट्रोल संपते, कारण ते जळते. स्टोव्हमधले रॉकेल संपते तेही त्याच कारणाने. वातानुकूलन यंत्रातला पदार्थ मात्र जळत नाही, झिजत नाही, कशात रूपांतरितही होत नाही. तो एका बंद नळीत गोल गोल फिरत असतो. कोकणातल्या जुन्या आगरांत विहिरीवर रहाट असे. त्याची गाडगी रिकामी खाली जात, भरून वर येत, पन्हळीत ओतली जात आणि पुन्हा खाली जात. पाणी शिंपल्यामुळे गाडगी कधी 'संपत' नसत. मोटारीतला हा पदार्थ म्हणजे उष्णता वाहून नेणारी गाडगी आहेत. ती कमी झाली, तर कुठून तरी बाहेर पडली असे समजायचे. म्हणजे गॅस संपलेला नसतो, गेलेला असतो. आणि तो ज्या वाटेने गेला ती वाट बुजवल्याशिवाय नवा भरला तर तोही त्याच वाटेने जाणार.

ही वाट शोधायची कशी, हा या लेखाचा विषय आहे. वरकरणी तो गॅरेजचा वाटेल. पण अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातला संपृक्त बाष्पदाब, रसायनशास्त्रातले क्षरण आणि पर्यावरणाच्या तासाला येणारा ओझोनचा थर, हे सारे या एका नळीत एकत्र येते.

उकळणे आणि थिजवणे

या पदार्थाला शास्त्रीय भाषेत शीतक म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक मोटारींत 'आर-१३४ए' नावाचे शीतक असते. त्याच्या रेणूत दोन कार्बन, दोन हायड्रोजन आणि चार फ्लोरिनचे अणू असतात. नेहमीच्या हवेच्या दाबाला ते उणे २६ अंश सेल्सियसला उकळते. दाब वाढवला की उत्कलनबिंदूही वर सरकतो. सुमारे तीन वातावरण दाबाला ते शून्य अंशाला उकळते, दहा वातावरण दाबाला ४० अंशाला आणि तेरा वातावरण दाबाला ५० अंशाला. प्रेशर कुकरमध्ये पाणी १०० अंशांऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते, त्याच नियमाचा हा खेळ आहे.

मोटारीच्या पुढच्या फळीमागे, म्हणजे डॅशबोर्डच्या आत, बारीक नळ्यांचे एक जाळे असते. त्याला बाष्पक म्हणू. तिथे दाब तीन वातावरणांच्या आसपास ठेवलेला असतो, म्हणून द्रव शीतक शून्याच्या जरा वरच्या तापमानालाच उकळू लागते. उकळण्यासाठी लागणारी उष्णता ते गाडीतल्या हवेतून घेते; एक किलोग्रॅमला सुमारे २०० किलोज्यूल. हवा गार होते. झालेली वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबून चौदा-पंधरा वातावरणांपर्यंत नेतो. आता तिचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ जास्त असते. ती गाडीच्या अगदी पुढे, रेडिएटरच्याही पुढे बसवलेल्या दुसऱ्या जाळ्यात जाते. हा संघनक. समोरून येणाऱ्या वाऱ्याला उष्णता देऊन तिचा पुन्हा द्रव होतो. मग एका बारीक छिद्राच्या झडपेतून हा द्रव कमी दाबाच्या बाजूला सोडला जातो आणि फेरा पूर्ण होतो. या साऱ्या फेऱ्यात छोट्या मोटारीत शीतक असते जेमतेम ४०० ते ५०० ग्रॅम. चहाच्या दोन-तीन कपांएवढा द्रव.

इथे रत्नागिरीची एक खास गोष्ट सांगितली पाहिजे. पारा ३२ अंशांवर आहे आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के आहे, अशा दिवशी हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. ती हवा १० अंशांपर्यंत गार केली तर त्यातली फक्त नऊ-साडेनऊ ग्रॅम वाफ टिकते. उरलेल्या १४ ग्रॅमचे पाणी होते. हे पाणी होताना जी सुप्त उष्णता सुटते ती सुमारे ३४ किलोज्यूल भरते. आणि नुसती हवा ३२ वरून १० अंशांवर आणायला लागतात सुमारे २५ किलोज्यूल. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर हे यंत्र हवा गार करण्यापेक्षा तिच्यातले पाणी पिळून काढण्यात जास्त राबत असते. बाष्पकावर जमलेले हे पाणी एका नळीवाटे गाडीखाली ठिबकते. ते पाहून "गॅस गळतोय" असे अनेकांना वाटते. तसे मुळीच नाही. ते निव्वळ पाणी आहे, आणि ते ठिबकणे हे यंत्र ठीक असल्याचे लक्षण आहे. शीतक बाहेर पडले तर त्याचा डाग पडत नाही, थेंब दिसत नाही, वासही येत नाही.

वासाचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मासे टिकवण्यासाठी बंदरांना लागणारा बर्फ करणाऱ्या कारखान्यांत शीतक म्हणून बहुधा अमोनिया वापरतात. तिथे जराशी गळती झाली की डोळ्यांतून पाणी येते आणि माणसे धावत सुटतात. अमोनिया घातक आहे, पण निदान लपून राहत नाही. मोटारीतले शीतक गुपचूप जाते.

घरचा फ्रीज वीस वर्षे चालतो, मग मोटारच का गळते?

हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. फ्रीजमध्येही असाच फेरा असतो, पण कॉम्प्रेसर आणि त्याची विजेची मोटर एकाच पोलादी हंडीत घालून ती हंडी वितळजोडाने कायमची बंद केलेली असते. नळ्यांचे सांधेही वितळवून जोडलेले असतात. बाहेर येतात त्या फक्त विजेच्या तारा. मोटारीत कॉम्प्रेसर इंजिनावरच्या पट्ट्याने फिरतो. म्हणजे फिरता दांडा बंद पेटीतून बाहेर यायलाच हवा, आणि जिथे दांडा बाहेर येतो तिथे फट ही असणारच. ती फट एका रबरी-धातूच्या सीलने राखलेली असते. शिवाय इंजिन हादरते आणि संघनक गाडीच्या सांगाड्याला बांधलेला असतो, म्हणून दोघांमध्ये कडक नळी चालत नाही, लवचिक होज लागतो. रबरातून शीतकाचे रेणू थोडे थोडे झिरपतातच. सांध्यांवर रबरी कड्या असतात. उष्णतेने त्या कडक होतात. गॅस भरण्याच्या दोन तोंडांत सायकलच्या ट्यूबसारखे वॉल्व्ह असतात आणि त्यांवर टोपणे असतात. हे टोपण बहुतेकांना निव्वळ धूळ अडवण्यासाठी आहे असे वाटते. त्यात रबरी कडी असते आणि ते गळतीला दुसरा अडसर असते. भरणाऱ्याने टोपण हरवले तर मागून घ्यावे.

तेव्हा थोडी गळती स्वाभाविक आहे. प्रश्न किती, हा आहे. युरोपीय संघाच्या २००६ सालच्या नियमानुसार अशा शीतकाच्या नव्या गाडीला वर्षाला ४० ग्रॅमपर्यंत गळती चालत असे. या हिशेबानेही ४५० ग्रॅम भरलेल्या यंत्राचा गारवा जाणवण्याइतका कमी व्हायला तीन-चार वर्षे सहज लागावीत. ज्या गाडीत दर वर्षी गॅस भरावा लागतो तिच्यात त्याच्या पाचपट तरी गळती आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींत कॉम्प्रेसरची मोटर पुन्हा फ्रीजसारखी आतच असते, त्यामुळे त्यांच्यापुरता दांड्याच्या सीलचा प्रश्न मिटला.

या सीलविषयी आणखी एक. शीतकाबरोबर थोडे तेल फिरत असते आणि तेच सीलला ओले ठेवते. यंत्र महिनोन्‌महिने बंद राहिले की सील कोरडे पडते आणि गळू लागते. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत अनेकजण यंत्राला हातच लावत नाहीत. खरे तर पावसाळ्यात आठवड्यातून दहा मिनिटे तरी ते चालवावे. काचेवर आतून धरलेले धुकेही त्याने पटकन जाते, कारण यंत्र हवेतले पाणी काढून घेते.

मीठ आणि ॲल्युमिनियम

संघनक आणि बाष्पक ॲल्युमिनियमचे असतात. ॲल्युमिनियम तसा फार क्रियाशील धातू, पण हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा तयार होतो आणि आतला धातू वाचतो. या पापुद्र्याचा शत्रू म्हणजे क्लोराइड आयन, अर्थात मीठ. क्लोराइड सगळा पापुद्रा विरघळवत नाही. एखाद्या कमकुवत जागी तो शिरतो आणि टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो. खड्ड्यात ॲल्युमिनियमचे आयन पाण्याशी अभिक्रिया करतात, तिथले पाणी आम्लधर्मी होते, आणि आम्लात नवा पापुद्रा धरत नाही. त्यामुळे खड्डा रुंद होण्याऐवजी खोल होत जातो. नळीची भिंत मिलिमीटरच्या काही दशांश जाडीची. बाकी सारी नळी नवी कोरी दिसत असताना एका ठिकाणी आरपार भोक पडते.

आता मीठ हवेतून येते कसे आणि टिकते कसे ते पाहू. लाटा फुटल्या की बारीक तुषार वाऱ्यावर चढतात, त्यातले पाणी उडून जाते आणि मिठाचे सूक्ष्म कण उरतात. मांडवी, भाट्ये, मिरकरवाडा या बाजूला घर असेल तर हे कण गाडीवर रोज बसतात. कोरडे मीठ फारसे काही करीत नाही. त्याला पाणी हवे. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि ते ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढू लागते. रत्नागिरीची हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे संघनकावर बसलेला मिठाचा थर इथे जवळजवळ वर्षभर ओलसर राहतो. पुण्यातली गाडी आणि रत्नागिरीतली गाडी एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघाली, तरी त्यांच्या संघनकांचे आयुष्य सारखे असणार नाही, ते यामुळे.

पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तो हे मीठ धुऊन टाकतो, असे कुणी म्हणेल. उघड्या भागावरचे धुतोही. पण संघनकाच्या पंख्यांत, रबराच्या आधाराखाली आणि लोखंडी पट्टीला जिथे ॲल्युमिनियम टेकलेले असते तिथे चिखल अडकून बसतो. दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओल म्हणजे विद्युतघटच झाला. त्यात ॲल्युमिनियम हा ऋणाग्र, आणि खिजतो तोच. त्यावर रस्त्याची भर आहेच. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम दशकाहून अधिक काळ रेंगाळले. त्या काळात हातखंब्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या संघनकांनी किती खडी सोसली असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

उपाय साधा आहे. दोन-तीन आठवड्यांनी पुढच्या जाळीतून संघनकावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी. दाबाच्या यंत्राने मारलेल्या फवाऱ्याने पंख मुडपतात, तो टाळावा. किनाऱ्याच्या वाळूवर गाडी घालून लाटांत भिजवण्याची जी हौस अलीकडे दिसते, तिच्याबद्दल आम्ही एवढेच म्हणू की गाडीचा सगळ्यात नाजूक भाग सगळ्यात पुढे असतो. आंब्या-फणसाखाली गाडी लावणाऱ्यांनी पुढच्या काचेखालच्या खाचेतला पालापाचोळा काढत राहावे. तो कुजून पाणी जायची वाट अडली की बाष्पक सतत ओला आणि घाणीत राहतो.

दाबमापक काय सांगतो आणि काय सांगत नाही

गाडी उभी असताना दाबमापक लावून "प्रेशर बरोबर आहे, गॅस आहे" असा निष्कर्ष काढलेला अनेकदा ऐकू येतो. इथे वर्गातला धडा कामी येतो. बंद भांड्यात द्रव आणि त्याची वाफ एकत्र असतील तर दाब फक्त तापमानावर अवलंबून असतो, द्रव किती आहे यावर नाही. घरचा स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर घ्या. त्यात १४ किलो गॅस असो की दोन किलो, त्याच तापमानाला आतला दाब जवळजवळ तेवढाच. म्हणून सिलिंडर किती भरला आहे हे आपण वजनाने ठरवतो, नाहीतर ओले फडके फिरवून ओल कुठपर्यंत टिकते ते पाहतो. मोटारीतही ३० अंश तापमानाला उभ्या यंत्रात सुमारे साडेसात वातावरण दाब दिसेल; शीतक ४५० ग्रॅम असले तरी आणि २०० ग्रॅम उरले तरी. दाब खाली येतो तो शेवटचा द्रव संपल्यावर. यावरून दोन गोष्टी ठरतात. उभ्या गाडीत दाब 'बरोबर' असणे हा शीतक पुरेसे असल्याचा पुरावा नव्हे. आणि शीतक भरायचे ते दाब पाहून नव्हे, वजन करून. किती ग्रॅम भरायचे ते बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेले असते.

अर्थात गार हवा येत नाही म्हणजे शीतकच गेले असेही नाही. पुढचा पंखा बंद पडला असेल, संघनकात चिखल भरला असेल, आतल्या हवेची गाळणी तुंबली असेल. शीतक कमी असल्याची खूण म्हणजे, ज्या गाड्यांत कॉम्प्रेसरला क्लच असतो त्यांत तो दर काही सेकंदांनी 'टक्' करून लागतो आणि सुटतो. दाब फार खाली गेला की एक स्विच त्याला थांबवतो, थांबला की दाब चढतो, मग तो पुन्हा लागतो. तेल शीतकाबरोबर फिरते हे वर आलेच आहे. शीतक कमी झाले की कॉम्प्रेसरला तेल कमी पोचते. तशीच गाडी चालवत राहिले तर काही रुपयांच्या रबरी कडीपायी पूर्ण कॉम्प्रेसर जातो.

भोक शोधणे

गळती शोधायची सगळ्यात जुनी आणि स्वस्त युक्ती म्हणजे साबणाचा फेस. तरीही "साबण लावून पाहिला, काही दिसले नाही" असे का ऐकू येते? एक लहानसे गणित करू. समजा, वर्षात २०० ग्रॅम शीतक गेले. रेणुभार १०२, म्हणजे जवळपास दोन मोल. ३० अंशांना त्याचे आकारमान सुमारे ४९ लिटर. वर्षाचे सेकंद ३ कोटी १५ लाख. भागाकार केला तर गळती निघते सेकंदाला सुमारे दीड घन मिलिमीटर. चार मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा साधारण साडेतेहेतीस घन मिलिमीटरचा असतो. म्हणजे तेवढा एक बुडबुडा फुगायला वीस-बावीस सेकंद लागतील. वर्षाला ४० ग्रॅमची गळती असेल, तर पावणेदोन मिनिटे. तीन महिन्यांतच २०० ग्रॅम गेले असतील, तर पाच-सहा सेकंद. ब्रशाने फेस लावून लगेच पुढच्या सांध्याकडे वळणाऱ्याला पहिल्या दोन प्रकारच्या गळत्या दिसणारच नाहीत. साबणाचे पाणी दाट हवे, त्यात आधीचे बुडबुडे नकोत, आणि प्रत्येक सांध्यापाशी घड्याळ लावून दोन मिनिटे थांबायला हवे.

दुसरी अडचण कोणत्या वेळी पाहायचे याची. यंत्र चालू असताना कमी दाबाच्या बाजूला तीन वातावरण दाब असतो. बंद करून ठेवले की दोन्ही बाजू समान होऊन तिथेच साडेसातपर्यंत चढतो. म्हणून बाष्पकाकडची बाजू यंत्र बंद असताना तपासावी, आणि संघनकाकडची यंत्र चालवून नुकतेच बंद केल्यावर. हे शीतक हवेच्या साडेतीनपट जड असल्याने ते खाली उतरते. इलेक्ट्रॉनिक शोधक वापरत असाल तर त्याचे टोक सांध्याच्या खालच्या अंगाला फिरवायचे. बाष्पक डॅशबोर्डच्या आत असल्याने तिथे साबण पोचत नाही. अशा वेळी पाणी ठिबकण्याच्या नळीच्या तोंडाशी शोधक धरतात, कारण जड वायू तिथूनच उतरतो. तेलात मिसळायचा एक रंगही मिळतो. शीतक जिथून गेले तिथे तेलाचा मागमूस राहतो, आणि अतिनील दिव्याखाली तो हिरवट-पिवळा चमकतो. रंग नसला तरी सांध्यापाशी तेलकट जागेवर धूळ चिकटलेली दिसली तर तिथे आधी पाहावे.

जुने मेकॅनिक एक दिवा वापरत, त्याची आठवण इथे द्यायला हवी. ज्योतीत तांब्याचा तुकडा तापवलेला असे आणि दिव्याची हवा एका नळीतून येई. नळी सांध्यापाशी फिरवताना शीतक आत ओढले गेले की ज्योत हिरवी होई. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही बाइलस्टाइन परीक्षा ओळखीची वाटेल : तांबे आणि क्लोरिन एकत्र आले की हिरवी ज्योत. तेव्हाच्या शीतकात, आर-१२ मध्ये, क्लोरिन होता. आर-१३४ए मध्ये तो नाही, म्हणून हा दिवा आता उपयोगाचा नाही. आणि शीतक ज्योतीत गेले की विषारी वायू तयार होतात, म्हणून तो प्रयोग वर्गातही करू नये.

शीतक जवळजवळ सगळेच गेले असेल, तर शोधण्यासाठी पुन्हा शीतक भरणे म्हणजे ते हवेत सोडणेच. अशा वेळी कोरडा नायट्रोजन नियंत्रकातून, ठरावीक दाबापर्यंत भरून साबणाने तपासतात. ऑक्सिजन कधीही वापरू नये. तेलाशी त्याचा दाबाखाली संबंध आला तर स्फोट होऊ शकतो. नुसत्या निर्वातावर गळतीचा निकाल देणेही पुरेसे नाही. निर्वातात बाहेरचा एक वातावरण दाब आत रेटतो, प्रत्यक्षात चौदा-पंधरा वातावरणे बाहेर रेटत असतात. एका दिशेने दाबली गेल्यावर बसणारी कडी दुसऱ्या दिशेने उघडू शकते.

निर्वाताचे खरे काम वेगळे आहे. भोक बुजवल्यावर, शीतक भरण्याआधी, यंत्र अर्धा-पाऊण तास पंपाने ओढून ठेवतात. पाऱ्याची उंची ७६० वरून ३२ मिलिमीटरपर्यंत आली की पाणी ३० अंशांनाच उकळते आणि आतली ओल वाफ होऊन निघून जाते. रत्नागिरीच्या हवेत उघडे राहिलेले यंत्र किती ओल घेत असेल याची कल्पना वरच्या आकड्यांवरून येईल. ती राहिली तर झडपेच्या बारीक तोंडाशी बर्फ धरते, आणि तेलाबरोबर आम्ल तयार होऊन आतून खाते. ओल शोषणारी कुपीही यंत्र उघडल्यावर नवी घालावी. पंप न लावता "वरून थोडा गॅस मारून" दिलेली गाडी चार दिवस गार होते, आणि आतला रोग वाढतो.

यात दोष केवळ कारागिराचा नाही. गळती शोधायला दिवस जातो आणि दिवसाची मजुरी द्यायला गिऱ्हाईक तयार नसते. गॅस भरण्याचे पैसे मात्र तो तक्रार न करता देतो. गळती बुजवणारी म्हणून विकली जाणारी रसायने मात्र टाळावीत. ती भोकात बसतात तशी झडपेतही बसतात. आणि स्वस्त पडतो म्हणून कुणी स्वयंपाकाचा गॅस भरून देऊ लागला तर तिथून सरळ उठावे. बाष्पक गाडीच्या आत असतो. तिथे गळती झाली तर पेट घेणारा वायू बसणाऱ्यांच्या पायाशी साठेल.

गेलेला गॅस जातो कुठे?

आर-१२ चा काळ आठवू. १९७४ साली मोलिना आणि रोलँड यांनी दाखवले, की ही क्लोरोफ्लुरोकार्बने खाली कशाशीच अभिक्रिया करीत नाहीत आणि म्हणूनच वर स्थितांबरापर्यंत पोचतात. तिथे अतिनील किरणांनी त्यांतला क्लोरिन सुटतो आणि ओझोन खातो. १९८५ साली अंटार्क्टिकावरचे ओझोनचे विवर जाहीर झाले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. शाळांतून आपण १६ सप्टेंबरला ओझोन दिन पाळतो तो यामुळेच. भारत १९९२ साली या करारात सामील झाला, आणि २०१० पासून ही क्लोरोफ्लुरोकार्बने शीतक म्हणून आपल्याकडे बंद झाली. मोटारींत आर-१३४ए आले ते या बदलातून.

त्याने ओझोनला धोका नाही, पण उष्णता अडवण्याच्या बाबतीत ते जबर आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो आर-१३४ए हे सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतके तापवते. ४०० ग्रॅम शीतक हवेत गेले म्हणजे ५७२ किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर २.३ किलो निघतो. म्हणजे हे झाले जवळपास २५० लिटर पेट्रोल. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ३,७०० किलोमीटर, किंवा रत्नागिरी-मुंबईच्या दहा-अकरा खेपा. तीन वर्षे तीनदा गॅस भरणारा माणूस तीसेक खेपांचा धूर न फिरताच सोडतो.

यासाठी माँट्रियल करारातच २०१६ साली किगाली येथे दुरुस्ती झाली, आणि भारताने ती २०२१ साली मान्य केली. त्यानुसार अशा शीतकांचा वापर २०२८ पासून गोठवायचा, २०३२ पासून उतरवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत आर-१३४ए चालत नाही. त्याजागी मुख्यतः आर-१२३४वायएफ आले. ते तापवते नगण्य, पण थोडे ज्वालाग्राही आणि बरेच महाग आहे. एकाचे यंत्र दुसऱ्याने भरून चालत नाही. आपल्या रस्त्यांवरच्या जुन्या गाड्या पुढची अनेक वर्षे आर-१३४ए वरच चालणार, आणि ते हळूहळू दुर्मिळ होत जाणार.

वर्गात करून पाहा

दोन बशा घ्या. एकीत बाजारात मिळणारे शुद्ध, बारीक मीठ आणि दुसरीत तेवढ्याच वजनाचे मिठागरातले जाड खडेमीठ ठेवा. जुलैत आणि पुन्हा जानेवारीत, रोज सकाळी दोन्ही बशांचे वजन करून आलेख काढा. शेजारी आर्द्रतामापक ठेवता आला तर त्याचेही आकडे लिहा.

दुसरा प्रयोग ॲल्युमिनियमच्या वर्खाचा, म्हणजे डबा गुंडाळायच्या कागदाचा. स्टीलच्या ताटलीत मिठाच्या पाण्यात भिजवलेला टीपकागद पसरा, त्यावर वर्खाचा तुकडा ठेवा आणि त्याची एक कड ताटलीच्या धातूला टेकवा. तशीच मांडणी प्लॅस्टिकच्या ताटलीत करा. टीपकागद वाळू देऊ नका. दोन-तीन दिवसांनी दोन्ही तुकडे धुऊन खिडकीसमोर धरा आणि उजेडाचे ठिपके मोजा. स्टीलच्या भांड्यातल्या लोणच्यावर झाकलेल्या वर्खाला भोके का पडतात, हे ज्या घरात कधी विचारले गेले असेल त्या घरातल्या मुलांना उत्तर आधी सुचेल. कुठल्या ताटलीत ठिपके जास्त पडले, आणि ते टेकलेल्या कडेजवळ पडले की सगळीकडे सारखे, हे वहीत नकाशासह नोंदवायला सांगावे.